गणित सोडून सेमिनरीत जाऊ का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारा तरुण गणितात पदव्युत्तर शिक्षणाच्या शेवटच्या वर्षाला आहे. दीडेक वर्षापासून त्याला पाळकीय सेवेचं पाचारण जाणवतंय. मार्गदर्शक प्राध्यापक म्हणतात, डॉक्टरेट कर, स्वतःला वाया घालवू नकोस. मंडळीतले एक वडील म्हणतात, नांगराला हात घातलास की मागे पाहायचं नाही, ही आकडेमोड जगाची आहे. आणि त्याची स्वतःची तक्रार अशी की सकाळी प्रार्थनेला बसलं की डोक्यात गणितं फिरतात, आणि गणिताला बसलं की देवाला कमी वेळ दिला म्हणून अपराधी वाटतं. दोन्ही एकत्र जमतं का, त्यासाठी गणित सोडावं लागेल का, आणि सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयात, या शिक्षणाचा काही उपयोग होतो का, असं त्याला विचारायचंय.

मी २२ वर्षं कॉलेजात गणित शिकवलं, मग सेमिनरीत गेलो, आणि आता पाळक आहे. तेव्हा सांगतोय ते घरातलंच आहे.

आधी तक्रारीचं बोलू, कारण तुझ्या पत्रातला मला सगळ्यात खरा वाटलेला भाग तोच आहे. प्रार्थनेत गणित घुसतं. घुसणारच. ज्याने एखाद्या सिद्धतेवर आठ-दहा दिवस डोकं आपटलंय त्याला ठाऊक असतं की ते गणित टेबलावर ठेवून उठता येत नाही. ते आपल्याबरोबर उठतं, जेवतं, अंथरुणात येतं. डोळे मिटून शांत बसलं की त्याला रान मोकळं मिळतं. मी कैक वर्षं त्याच्याशी झटापट करायचो. विचार आला की हाकलायचा, मग हाकलण्याचाच विचार, मग हाकलता आला नाही म्हणून खंत. या सगळ्यात अर्धा तास संपायचा आणि प्रार्थना राहूनच जायची.

शेवटी एका म्हाताऱ्या पाळकांनी सांगितलं, जवळ एक कागद ठेव. विचार आला की एका ओळीत लिही आणि परत ये. दुसरी ओळ लिहायची नाही. उपाय इतका साधा होता की मला जरा अपमानच वाटला, पण चालला. मनाला एवढीच खात्री हवी असते की मुद्दा हरवणार नाही. माझ्या जुन्या पवित्र शास्त्रात ७३ व्या स्तोत्रापाशी अजून एक चिटोरं आहे. त्यावर लिहिलंय, 'एन विषम असेल तर?' कुठलं गणित होतं, पुढे सुटलं का, काही आठवत नाही.

एक अडचण मात्र कागदाने सुटत नाही. गणित आणि प्रार्थना दोघांनाही दिवसाचा तोच ताजा तास हवा असतो. इथे गोड बोलून उपयोग नाही. कुणाला तरी दुसऱ्या नंबरवर बसावं लागतं. मी प्रार्थना आधी ठेवली, पण ती अर्ध्या तासाची ठेवली आणि घड्याळ लावून ठेवली. त्यानंतरचे दोन तास गणिताचे. त्या दोन तासांत अपराधी वाटून घ्यायचं नाही, हाही नियमाचाच भाग. अर्धवट मनाने सोडवलेलं गणित ही काही देवाला वाहिलेली भेट नाही. कलस्सैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल 'जिवेभावे' करा म्हणतो, आणि ते तो दासांना म्हणतोय, म्हणजे ज्यांना आपलं काम निवडताही आलेलं नव्हतं अशांना. तुझं काम तर तुझ्या आवडीचं आहे.

आता गणित सोडण्याबद्दल. तुझ्या मंडळीतले वडील आणि तुझे प्राध्यापक एकाच गोष्टीवर एकमत आहेत, हे तुझ्या ध्यानात आलंय का? दोघांनाही वाटतं की यातलं एकच खरं काम आहे. इतिहासात पाहिलं तर चित्र बरंच विस्कळीत दिसतं, आणि मला तो विस्कळीतपणा धीर देणारा वाटतो.

हेन्री मार्टिनची गोष्ट तुला उपयोगी पडेल. १८०१ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत तो पहिला आला. तिथे त्या मानकऱ्याला 'सीनियर रँग्लर' म्हणत. वय होतं जेमतेम वीस. पुढे त्याने लिहिलं की मनातली सर्वांत मोठी इच्छा पूर्ण झाली, पण हाती सावलीच लागली. तेव्हा वकील होण्याचा त्याचा बेत होता. चार्ल्स सिमियन या पाळकाच्या सहवासात तो सेवेकडे वळला, १८०३ साली त्याचा सहायक झाला, १८०६ साली हिंदुस्थानात पोचला, उर्दू आणि फारसीत नवा करार उतरवला आणि १८१२ साली, ३१ व्या वर्षी, तुर्कस्तानातल्या तोकात गावी वारला. ही गोष्ट संदेशांत सांगतात ती 'बघा, गणित किती पोकळ' असं दाखवण्यासाठी. मला ती वेगळी दिसते. सावली निघाली ती पहिल्या नंबरची. ज्या बुद्धीने आणि चिकाटीने तो नंबर मिळवला, तीच पुढे भाषांतराच्या मेजावर बसली.

आयझॅक बॅरोने १६६९ साली केंब्रिजमधली गणिताची लुकासियन गादी सोडली आणि ईश्वरविज्ञानाकडे वळला. गादी गेली २६ वर्षांच्या न्यूटनकडे. म्हणजे एकाने सोडलं म्हणून गणित काही ओस पडलं नाही! उलट दिशेची माणसंही आहेत. ऑयलर पाळकाचा मुलगा, बाझलला ईश्वरविज्ञान शिकत होता; योहान बेर्नुलीने वडिलांची समजूत घातली तेव्हा त्याला गणिताची वाट मिळाली. रीमान हाही पाळकाचाच मुलगा. १८४६ साली ग्यॉटिंगेनला तो ईश्वरविज्ञानासाठी दाखल झाला आणि वडिलांच्या परवानगीने गणिताकडे आला. दोघांनीही विश्वास टाकला नाही. रीमानच्या थडग्याच्या दगडावर रोमकरांस पत्र ८:२८ कोरलंय.

पास्कालचं उदाहरण तुला कुणी ना कुणी देईलच, तेव्हा ते पुरतं माहीत असू दे. १६५४ साली त्याचा फेर्माशी पत्रव्यवहार झाला, ज्यातून संभाव्यतेचं गणित उभं राहिलं. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरच्या रात्री त्याला जो अनुभव आला तो त्याने टिपून ठेवला आणि अंगरख्याच्या अस्तरात शिवून घेतला. मरणानंतर तो सापडला. त्यात 'अब्राहामाचा देव, इसहाकाचा देव, याकोबाचा देव' असं आहे, आणि पुढे 'तत्त्वज्ञांचा आणि विद्वानांचा नव्हे'. इथवर सगळे सांगतात. चार वर्षांनी, १६५८ साली, तो दातदुखीने तळमळत असताना चक्रजाच्या वक्रावर (चाक फिरताना त्याच्या कडेवरचा बिंदू काढतो त्या रेषेवर) पुन्हा गणित करत होता, हे सहसा सांगत नाहीत.

दोन्ही एका वेळी चालवणारे हवे असतील तर थॉमस किर्कमन घे. इंग्लंडमधल्या एका छोट्या गावात तो ५२ वर्षं धर्मगुरू होता. १८५० साली त्याने कोडं घातलं: शाळेतल्या १५ मुली रोज तिघी-तिघींच्या रांगा करून फिरायला जातात, सात दिवसांची अशी मांडणी करा की कुठल्याही दोघी एका रांगेत दुसऱ्यांदा येणार नाहीत. कोडं दिसतं पोरकट, पण त्यामागे संयोजनशास्त्राची एक मोठी शाखा उभी आहे. गंमत म्हणजे अशा त्रिकूटांच्या रचनांचं मूळ काम किर्कमनने १८४७ साली केलं, आणि आज त्या स्टायनरच्या नावाने ओळखल्या जातात; स्टायनरने तो प्रश्न १८५३ साली मांडला. खेड्यातल्या पाळकाचं लेखन वाचतो कोण! थॉमस बेझही मंडळीचा पाळकच. संभाव्यतेवरच्या ज्या निबंधामुळे आज त्याचं नाव घेतात तो त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ साली, रिचर्ड प्राइस या दुसऱ्या पाळकाने प्रसिद्ध करवला. आणि उशीर झाला असं वाटत असेल तर जॉन पोल्किंगहॉर्न आठव. केंब्रिजमधलं गणिती भौतिकीचं प्राध्यापकपद त्याने १९७९ साली सोडलं आणि १९८२ साली दीक्षा घेतली, पन्नाशी ओलांडल्यावर.

या सगळ्यांतून एक नियम काढायचा म्हटलं तर निघत नाही. तू गणिती आहेस, इतक्या उदाहरणांवरून नियम बांधायचा नसतो हे तुला मी सांगायला नको.

सेमिनरीत काय होतं ते आता सांगतो. इथे माझी बरीच फजिती झाली आहे.

पहिला धक्का वाचनाचा. गणितात आपण आठवड्यात पाच पानं वाचली तरी पुष्कळ झालं म्हणतो. सेमिनरीत आठवड्याला दोन-तीनशे पानं समोर येतात. मी पहिल्या महिन्यात पाचव्या शतकातला ऑगस्टिन एकेक वाक्य तपासत वाचत होतो आणि वर्ग तोवर सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेच्या काळात पोचला होता. दुसरा धक्का निबंधाचा. पहिला निबंध मी दीड पानात संपवला: व्याख्या, दोन पायऱ्या, निष्कर्ष. वाटलं, काय सुरेख झालाय. परत आला तेव्हा समासात एवढंच लिहिलेलं होतं, 'ज्यांना हे पटलं नाही त्यांचं काय म्हणणं होतं?' गणितात प्रमेय एकदा सिद्ध झालं की ते कुणाशी भांडून सिद्ध झालं हे विसरलं तरी चालतं. ईश्वरविज्ञानात ते भांडण हाच निम्मा विषय. चौथ्या शतकातला बिशप अथानासियस कुणाला उत्तर देतोय हे माहीत नसेल तर त्याचं वाक्य बरोबर समजूनही चुकीचं समजतं. ही सवय लागायला मला वर्ष गेलं.

उपयोग कुठे झाला? ग्रीकमध्ये. गणितवाल्याला तक्ते पाठ करण्याचा कंटाळा, म्हणून तो नियम शोधतो, आणि नियमित क्रियापदं त्यामुळे झपाट्याने हाती येतात. ('मि' प्रत्ययाची क्रियापदं आली की तोही इतरांसारखाच रडतो.) पण खरा फायदा पौलाची पत्रं वाचताना होतो. त्याचे युक्तिवाद छोट्या छोट्या अव्ययांवर टांगलेले असतात. 'गार' म्हणजे कारण, 'ऊन' म्हणजे म्हणून. रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय एकदा मोठ्या कागदावर उतरवून घे आणि कुठलं वाक्य कशाच्या आधारावर उभं आहे ते बाणांनी दाखव. त्यात 'पोल्लो माल्लोन', म्हणजे 'कितीतरी अधिक', हा प्रयोग चारदा येतो: ९, १०, १५ आणि १७ या वचनांत. दहावं वचन बघ. आपण शत्रू असताना पुत्राच्या मरणाने समेट झाला. तर समेट झाल्यावर त्याच्या जीवनाने तारण होईल हे कितीतरी अधिक खरं. अवघड बाजू आधी सिद्ध केली, मग सोपी आपोआप येते. यहूदी गुरूंकडे या युक्तिवादाला 'काल वाहोमेर' असं नावच आहे, आणि प्रभू येशूही तो वापरतो: तुम्ही वाईट असून मुलांना चांगलं देता, तर स्वर्गातला पिता किती विशेषेकरून देईल. वर्गातले बाकीचे या उताऱ्यात अडखळत होते तेव्हा मला त्याची हाडं दिसत होती. त्या दिवशी २२ वर्षांचं शिकवणं वसूल झालं.

पण हाडं दिसली म्हणून संदेश होत नाही. माझा पहिला संदेश याच उताऱ्यावर होता, आणि मी तो फळ्याशिवाय दिलेल्या व्याख्यानासारखा दिला. एकही दुवा निसटला नाही. उपासना संपल्यावर एक आजी हात हातात घेऊन म्हणाल्या, "बाबा, सगळं पटलं. पण घरी काय नेऊ?" मला उत्तर सुचलं नाही. आजही संदेश तयार झाला की आधी त्या आजी दारात उभ्या आहेत असं समजून त्यांना तो मनात सांगून बघतो.

याहून कठीण जागा पुढे येते. एका घरी तान्हं बाळ गेलं होतं. वडिलांनी विचारलं, "का?" आणि माझ्यातला शिक्षक जागा झाला. प्रश्न विचारला गेलाय म्हणजे उत्तर द्यायला हवं, ही आमची जन्माची खोड. मी देवाची इच्छा, पतित जग, इच्छास्वातंत्र्य असं काहीतरी पायरी-पायरीने मांडू लागलो. तो माणूस शांतपणे म्हणाला, "पास्टर, थोडा वेळ नुसते बसा." मी बसलो, बराच वेळ. ईयोबाच्या मित्रांचंही सात दिवस, ते जमिनीवर मुकाट्याने बसले होते तोवर, बरं चाललं होतं. बिघडलं ते त्यांनी तोंड उघडल्यावर. तुला गणिताने लावलेली ही सवय सेमिनरीतलं कुठलंही पुस्तक सोडवणार नाही. म्हणून आत्तापासूनच तुझ्या पाळकांबरोबर आजाऱ्यांच्या भेटींना जात जा.

एक लहानसा इशारा. तू गणितवाला आहेस हे कळलं की मंडळी तुझ्या हातात खजिनदारी देईल. नम्रपणे नाही म्हण. एक तर गणितवाल्यांची बेरीज कच्ची असते, आणि दुसरं म्हणजे पैशाला एकापेक्षा जास्त हात आणि डोळे असावेत ही काळजी खुद्द पौलाने घेतली होती. करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय बघ.

आता एका मोहाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुझ्या पत्रात त्याची चाहूल लागली. तू लिहिलंस की गणितातून देवाचं अस्तित्व लोकांना पटवून देण्याची इच्छा आहे. ही इच्छा मलाही होती, आणि तिने मला बऱ्याच चुका करायला लावल्या.

योहानाच्या २१ व्या अध्यायात शिष्यांच्या जाळ्यात १५३ मासे लागतात. १ ते १७ पर्यंतच्या संख्यांची बेरीज १५३. शिवाय १, ५ आणि ३ यांच्या घनांची बेरीजही १५३. ऑगस्टिननेही १७ चा धागा धरून दहा आज्ञा आणि आत्म्याची सात दानं असा अर्थ लावला होता. मी हे सगळं एका रविवारी फळा लावून सांगितलं. लोक खूष. पुढच्या आठवड्यात एक तरुण आपल्या मोटरसायकलच्या नंबरातून तारणाची तारीख काढून घेऊन आला. चूक त्याची नव्हती. उताऱ्यात पेत्र किनाऱ्यावर भाजलेल्या माशांपाशी, आपण येशूला नाकारलं होतं याला सामोरा जातोय, आणि मी लोकांना त्रिकोणी संख्या दाखवत बसलो होतो.

अशा आणखी काही गोष्टी आहेत ज्या व्यासपीठावर नेऊ नयेत. ऑयलरने रशियाच्या दरबारात एक बीजगणिती सूत्र फ्रेंच तत्त्वज्ञ दिदेरोच्या तोंडावर फेकलं, 'म्हणून देव आहे' म्हणाला, आणि गणित न कळणारा दिदेरो गप्प झाला, ही कथा संदेशांत फार चालते. ती रचलेली आहे. दिदेरोला गणित चांगलं येत होतं आणि त्याने त्यावर लिहिलंही होतं. सत्याच्या बाजूने खोटी गोष्ट सांगायची आपल्याला काय गरज? ऑयलरच्या विश्वासाबद्दल बोलायचंच असेल तर १७४७ साली त्याने दैवी प्रकटीकरणाच्या समर्थनार्थ लिहिलेली पुस्तिका आहे. गोडेलचं १९३१ चं प्रमेय हा असाच एक बळी. मूलभूत अंकगणित सामावणारी, विसंगती नसलेली आणि यांत्रिक नियमांनी मांडता येणारी गृहीतकांची व्यवस्था घेतली, तर तिच्यात सिद्धही करता येत नाहीत आणि खोटीही ठरवता येत नाहीत अशी विधानं राहतात, एवढं ते सांगतं. 'माणसाची बुद्धी अपुरी, म्हणून विश्वास ठेवा' हे त्यात कुठेच नाही, आणि श्रोत्यांत एखादा गणिती बसला असेल तर तो त्या क्षणापासून तुझं बाकीचंही ऐकणार नाही. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायातलं दहा हात व्यासाचं आणि तीस हात परिघाचं ओतीव गंगाळ काढून कुणी विचारलं की पवित्र शास्त्रात पायची किंमत ३ आहे का, तर शांतपणे सांग की लिहिणाऱ्याने पूर्ण हातांत माप दिलंय. सुतारही तसंच देतो.

याबाबतीत मला लेमेत्र आवडतो. गणितात डॉक्टरेट, मग सेमिनरी, १९२३ साली कॅथोलिक धर्मगुरू म्हणून दीक्षा, आणि १९२७ साली विश्व प्रसरण पावतंय हे सांगणारा निबंध. १९५१ साली खुद्द पोपने त्यातून पुढे आलेला विश्वाच्या आरंभाचा सिद्धान्त निर्मितीच्या शिकवणीशी जोडला, तेव्हा लेमेत्र अस्वस्थ झाला. आपलं शास्त्र शास्त्र म्हणून उभं राहू दे आणि आपली प्रार्थना प्रार्थना म्हणून, असं त्याचं मत. माझ्या परीने मी एवढंच सांगेन की गणितात सिद्धता चालते आणि मंडळीत साक्ष चालते, आणि मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत ही आपली सोयच आहे. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासाची व्याख्या करताना आपल्या पवित्र शास्त्रात 'भरवसा' आणि 'खातरी' हे शब्द आलेत. ज्याचा भरवसा धरायचा त्याची ओळख लागते, प्रमेय पुरत नाही.

मग गणित आणि मंडळी कुठे खरोखर भेटतात? एक जागा मला मनापासून आवडते, आणि ती म्हणजे ईस्टरची तारीख. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, असा नियम. ही पौर्णिमा आकाशातली नसून तक्त्यातली असते, आणि तक्ता उभा आहे तो १९ सौर वर्षांत जवळजवळ नेमके २३५ चांद्रमास बसतात या जुन्या शोधावर. बीड नावाच्या इंग्रज संन्याशाने ७२५ साली यावर अख्खा ग्रंथ लिहिला. पुढे शतकांच्या चुका साचल्या, म्हणून कॅलेंडर सुधारलं आणि १५८२ साली ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर उजाडला. त्या सुधारणेमागचं गणित समजावून देणारा क्लाव्हियस जेझुइट संघाचा धर्मगुरू होता. आणि १८०० साली गाऊसने सगळं काही बाक्यांवर आणून ठेवलं.

करून बघ. २०२६ घे. १९ ने भागून बाकी १२, ४ ने बाकी २, ७ ने बाकी ३. आता १२ ला १९ ने गुणून २४ मिळव: २५२. याला ३० ने भागून बाकी १२. मग दुप्पट २, चौपट ३, सहापट १२ आणि वर ५: ४ अधिक १२ अधिक ७२ अधिक ५, म्हणजे ९३. याला ७ ने भागून बाकी २. शेवटी २२ अधिक १२ अधिक २, म्हणजे ३६ मार्च. अर्थात ५ एप्रिल. २४ आणि ५ हे आकडे १९०० ते २०९९ पर्यंत चालतात, आणि दोन अपवाद आहेत ते तू स्वतः शोध. तरुणांच्या गटात मी दरवर्षी हे करवून घेतो. शिष्यांना रिकामी कबर ज्या सकाळी दिसली ती सकाळ वल्हांडणाच्या सणाला लागून होती, म्हणून आपला सण चंद्राला बांधलेला आहे, इथपर्यंत पोरं आपली आपण येतात. मला काही 'पटवून' द्यावं लागत नाही.

आता निर्णयाचं. पदवी पूर्ण कर, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. काही महिन्यांसाठी अर्धवट सोडलेलं शिक्षण पुढे आयुष्यभर खुपतं, आणि सेमिनरी कुठे पळून जात नाही. बहुतेक प्रॉटेस्टंट सेमिनरींत पाळकीय पदवीचा पूर्णवेळ अभ्यास तीन-चार वर्षांचा असतो. कॅथोलिक असशील तर तत्त्वज्ञान आणि ईश्वरविज्ञान मिळून किमान सहा वर्षं धर. डॉक्टरेटचा प्रश्न वेगळा, तो लगेच सोडवू नकोस.

त्याआधी स्वतःला एक अवघड प्रश्न विचार. पाचारण पहिल्यांदा जाणवलं तो महिना आठव. प्रबंधाचं काम त्याच सुमारास अडलं होतं का? मी हे टोचून बोलत नाही. मला पहिल्यांदा सेवेची ओढ लागली ती एक शोधनिबंध नाकारला गेला त्याच आठवड्यात. माझ्या पाळकांनी विचारलं, "निबंध स्वीकारला असता तर आज इथे आला असतास का?" मी खरं उत्तर दिलं, आणि त्यांनी मला परत पाठवलं. सहा वर्षांनी, सगळं सुरळीत चालू असताना, ओढ पुन्हा आली, तेव्हा त्यांनीच शिफारसपत्र लिहिलं. तुझ्या बाबतीत असं काही नसेलही. पण पाचारण आपल्या एकट्याच्या छातीत तपासता येत नाही. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात बर्णबा आणि शौल यांच्यासाठी आत्मा बोलला तो अंत्युखियाच्या मंडळीशी, उपास आणि उपासना चालू असताना, आणि हात ठेवून पाठवलं तेही मंडळीने. तेव्हा वर्षभर शब्बाथ शाळेचा एक वर्ग घे, एक लहान प्रार्थनागट सांभाळ, दफनविधीला पाळकांच्या मागे उभा राहा, आणि वर्ष संपल्यावर त्यांनाच विचार की त्यांना काय दिसलं. मला त्यात एकच पाहायचंय: कंटाळवाण्या माणसाचं तेच गाऱ्हाणं पाचव्यांदा ऐकताना तुला घरी जाऊन गणित करावंसं वाटतं की त्याच्याजवळ बसावंसं वाटतं. दोन्ही वाटत असेल तरी चालेल. मला अजूनही दोन्ही वाटतं.

नांगरवाल्या वडिलांना दुखवू नकोस. ते तुझ्यावर प्रेम करतात. त्यांना एवढंच सांग की पौल तंबू शिवायचा आणि ते काम त्याने करिंथातही सोडलं नव्हतं. कुठला नांगर कुठल्या शेतात, ते अजून ठरतंय.

आणि पत्राच्या शेवटी विचारलंस की मला सर म्हणू की पास्टर. जुने विद्यार्थी सर म्हणतात, मंडळी पाळकसाहेब म्हणते, आणि आजींच्या लेखी मी अजून 'बाबा'च आहे. जे तोंडात बसेल ते म्हण. पुढच्या पत्रात तुझा अडलेला भाग लिहून पाठव, सिद्धतेसकट.